बिनदातांची पंगत

माझा रोझेल मामा अमेरिकेतल्या मेंफिसच्या कागद कारखान्यात उभा जन्म राबला, पण त्याला मान होता तो डुकराच्या बरगड्यांमुळे. मागच्या अंगणात तेलाचं पिंप आडवं कापून केलेली शेगडी, त्यात धुराला खमंग वास देणारं हिकरीच्या झाडाचं लाकूड, आणि धुराशेजारी खुर्ची टाकून बसलेला मामा. कुणी घाई केली तर म्हणायचा, "एवढी भूक लागली असेल तर घरी जाऊन पाव खा."

बरगडी कशी शिजावी याबद्दल त्याचं मत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दात लावला की चावलेल्या जागेपुरतंच मांस सुटावं, बाकीचं हाडाला धरून राहावं. हाडावरून आपोआप गळून पडणारं मांस त्याच्या लेखी स्वयंपाकच नव्हे. बरगड्या ओव्हनमध्ये घालणाऱ्यांचं तर तो नावही घेत नसे.

एकदा चर्चच्या उन्हाळी जेवणात सिस्टर व्हेस्टानं (चर्चमधल्या सगळ्याच बायकांना आम्ही सिस्टर म्हणायचो) तसल्या मऊ बरगड्या आणल्या. मामानं चिमट्यानं एक उचलली. हाड वर आलं आणि मांस खाली पडलं. झालं! अख्ख्या टेबलाला ऐकू जाईल असा तो ओरडला, "अरे, ही बरगडी आहे की बाळाचं खिमट? बिनदातांची पंगत वेगळी बसवा रे!" लोक पोट धरधरून हसले. तेवढ्यावर न थांबता त्यानं तो ट्रे उचलून कचऱ्याच्या डब्याशेजारी नेऊन ठेवला.

पुढे वय झालं आणि मामाचे दात एकेक करत गेले. कवळी बसवली. पहिल्याच रविवारी त्यानं स्वतःच्या शेगडीवरची बरगडी दाबून चावली, आणि ओढली तशी कवळी बरगडीला धरूनच बाहेर आली. मी हसू दाबलं, पण मामा शरमेनं काळाठिक्कर पडला. तेव्हापासून तो हसताना तोंडावर हात धरू लागला, चारचौघांत जेवेनासा झाला. मांस शेगडीवर जास्त वेळ ठेवून पाहिलं, तर त्याची नुसती वादी झाली.

शेवटी एका शनिवारी तो मला म्हणाला, "गाडी काढ. व्हेस्टाकडे जायचंय."

"तिच्याकडे कशाला?"

"शिकायला. आणि रस्त्यात एक शब्द बोललास तर उतरून चालत जाईन."

व्हेस्टाच्या दारात तो टोपी हातात धरून उभा राहिला. मान वर होईना. "सिस्टर, तुझ्या त्या... त्या बरगड्या. दुसऱ्या मला आता चावता येत नाहीत."

आता ही बाई सगळं उट्टं काढणार, असं मला वाटलं. ती फक्त म्हणाली, "आत ये, रोझेल. हात धू."

हाडांमागचा पापुद्रा मामानं फडक्याच्या चिमटीत धरून एका झटक्यात सोलला. तेवढं त्याला कुणी शिकवायला नको होतं. मग व्हेस्टानं तिखट, मीठ, साखर चोळली, थोडं व्हिनेगर शिंपडलं आणि सगळं फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून मंद ओव्हनमध्ये ठेवलं. "वाफ बाहेर जाऊ द्यायची नाही. शेवटी उघडायचं आणि वरून रंग आणायचा," ती म्हणाली. दुपार कलल्यावर मामानं पहिला घास घेतला. नुसत्या जिभेनं मांस सुटलं. त्याचे डोळे भरून आले.

"कुठं शिकलीस हे?"

"शिकते कुठली? आईसाठी करायला लागले. तिला दात नव्हते ना. रोज लापशी खाऊन विटली होती बिचारी."

मामाचा हात ताटातच थांबला. "त्या दिवशी... चर्चमध्ये... ती आली होती?"

"माझ्या शेजारीच बसली होती. तिच्यासाठीच तर आणल्या होत्या."

"मग तिनं खाल्लं काय?"

"पाव. गोड चहात बुडवून." व्हेस्टानं त्याच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला.

मामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो खाली बघतच म्हणाला, "फार चिडली असेल माझ्यावर."

"छे! सगळे हसले म्हणून तीही हसली," व्हेस्टा म्हणाली. "तोंडावर हात धरून."