रस्त्याच्या कडेचा दगड

सातवी अर्धी सोडून मी घनसावंगीकडून जालन्याला आलो. कापसाच्या जिनिंगात काम मिळालं, राहायला जागा मिळेना. शेवटी एका विधवा मावशीनं तिच्या ओसरीचा कोपरा दिला. भाड्याचं विचारलं तर म्हणाली, "पाणी भरत जा. बस झालं." त्या कोपऱ्यात पाठ टेकली की रोज एकच वाटायचं, हेही गेलं तर?

निजामाचं राज्य जाऊन चार-सहा वर्षं झाली असतील. शहराची नवी आखणी सुरू झाली आणि नकाशावाले साहेब आमच्या गल्लीत आले. म्हणाले, "गल्ली म्हणजे शहराचा गळा. आवळला की शहर गुदमरतं." खोटं तरी कसं म्हणावं? पावसाळ्यात सांडपाणी तुंबायचं, लेकरं तापानं फणफणायची. समोर कापूस वाळवायचं आवार कधीचं ओस पडलं होतं. त्याच्या तोंडाशी साहेबांनी रस्त्याच्या हद्दीचा दगड पुरला. तिथून आमच्या बाजूला रुंद रस्ता होणार, म्हणजे घरं जाणार.

मावशीनं पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. "मी कुठं जाऊ रे लेकरा?"

मी तरी कुठं जाणार होतो? सकाळी उठून साहेब उतरले होते त्या डाकबंगल्यावर गेलो.

"सायेब, ते आवार रिकामंच पडून राह्यलंय. रस्ता त्याच्यातून न्या ना."

त्यांनी नकाशा पाहिला, बराच वेळ पाहिला. "माणसं पाठवतो. दगड आवारात मागं सरकवतील. पण आजच. संध्याकाळी नकाशा वर जाणार."

मी त्यांच्या पायाच पडलो. तसाच पळत आलो.

गल्लीत बायांची गर्दी. दगड शेंदरानं लालबुंद. समोर फोडलेला नारळ, आणि मावशीचे तेलकट लाल हात. "आता कोण हात लावतंय बघू!" ती म्हणाली. तिच्या तोंडावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू होतं.

मी सगळं सांगितलं. तिचं हसू तिथंच राहिलं.

शेजारचा पिंजारी म्हणाला, "घ्या! देवाला जागा भेटली, आपली गेली."

मजूर आले. त्यांनी वहाणा काढल्या, हात जोडले आणि बाजूला बसले. मागून साहेब आले. "आता आवारातून रस्ता नेला तर देव चाकाखाली येईल. हलवता का?"

मी मावशीचे पाय धरले. "तुम्हीच बसवला, तुम्हीच उठवा."

"पूजलेला देव उठवून घर राहील रे," ती म्हणाली, "पण त्या घरात कोण राहील?"

साहेबांनी नकाशाची गुंडाळी केली. त्यांच्या नकाशात प्रत्येक भिंत होती. शेंदूर लावलेला दगड ह्या गल्लीत कुणी उचलत नाही, हे मात्र त्यात कुठं काढणार?

घर उतरवलं त्या दिवशी तिनं भांड्यांच्या आधी माझी वळकटी बाहेर आणून सावलीत ठेवली. मंठ्याला बहिणीकडं निघाली, गाडीत बसली आणि म्हणाली, "दगडाला पाणी घालत जा रे."

हो म्हणालो. पाणी भरायला मला आता दुसरं घर कुठं होतं?