लेकीच्या घरचं पाणी

ऑस्ट्रेलियाला जायची सगळी रीत मला पाठ आहे आणि मी तिकडे गेलेलो नाही. गोंडपिपरीकडच्या आमच्या गावातली दोन-चार पोरं आता बाहेरदेशी आहेत. त्यांचे आईबाप विचारायला माझ्याकडेच येतात. मी चौथी शिकलेला माणूस, पण सांगतो ते बरोबर सांगतो. म्हणून लिहूनच ठेवतो.

पासपोर्ट काढायच्या आधी सगळ्या कागदांवर नाव आणि जन्मतारीख एकसारखी आहे का ते बघा. पोलीस चौकशीला येतात तेव्हा घरी राहा, आणि ते नेमके धान कापायच्या दिवसांतच येतात. तिकडचे ऋतू उलटे. आपल्याकडे शेकोटी पेटते तेव्हा त्यांच्याकडे ऊन तापते. धान घरात आलं की निघायचं, म्हणून आम्ही डिसेंबर धरला होता.

आम्ही म्हणजे मी आणि माझी बायको. आम्हाला एकच लेक. जावई चंद्रपूरचा, मेलबर्नला कॉम्प्युटरच्या कामावर आहे. लेकीचं पोट दोनदा राहिलं आणि दोन्ही खेपा गेलं. दुसऱ्या खेपेनंतर तिचा फोन आला. रडली नाही. म्हणाली, "आई, बाबा, तुमी या. महिनाभर राहा. माझ्या हातचं जेवा."

ती एवढंच बोलली आणि तिथेच सगळं अडलं.

आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं अन्न खात नाहीत, पाणी पीत नाहीत. माझी आत्या आरमोरीकडे दिलेली होती. तिला मूल झालंच नाही. आजा तिला भेटायला जायचा तेव्हा खांद्याला तुंबा लटकवायचा. वाळवलेल्या भोपळ्याचा तो तुंबा, पाणी त्यात थंडगार राहते. तिच्या अंगणात बसून आजा आपलंच पाणी प्यायचा, पदरची भाकर खायचा, बोलायचा, हसायचा आणि परत निघायचा. आत्या दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची. आजा असा मरेपर्यंत वागला. त्याचा तुंबा अजून माझ्या घरात खुंटीला आहे.

मी नाही म्हटलं नाही. मी तयारीला लागलो. महिन्याचा तांदूळ बांधून न्यायचा, लाखोळीची डाळ न्यायची, एक लहान शेगडी तिकडे घ्यायची, असा माझा हिशेब. जावयाला फोनवर सांगितलं.

"मामाजी, तांदळाचा दाणा चालत नाई इथी," तो म्हणाला. "डाळ नाई, बी-बियाणं नाई. विमानतळावर कुत्रे सामान हुंगतात."

"मी चोरून नाई आणत. सांगून आणतो."

"सांगितलं तरी काढून फेकतात."

हे ध्यानात ठेवा. खाण्याचं जे काही सोबत असेल ते त्यांच्या कागदावर खरं लिहा. लिहिलं तर फार तर वस्तू जाते, लपवलं तर दंड होते. पाणीही नेता येत नाही. आत शिरायच्या आधी बाटली रिकामी करायला लावतात. रिकामा तुंबा नेऊ देतील का, हे मी दोन जणांना विचारलं. दोघंही हसले.

मग मी जावयाला विचारलं, "तुमच्या घराजवळ एखादी धर्मशाळा आहे का? जेवण तिथी घेईन, दिवसभर तुमच्याकडे बसीन."

फोन लेकीने घेतला. "बाबा, शेजारीण कॉफी घेऊन आली त प्याल का?"

"पिईन. ते लेकीचं घर नाई."

"हॉटेलातलं खाल?"

"खाईन."

"मंजे या एवढ्या देशात माझंच एक घर उपाशी ठेवाल."

मी म्हटलं, "ताटाखाली पैसे ठेवतो मग. विकत घेतल्यासारखं होते."

"पैसे ठेवायचे असतील त येऊ नका," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

बायको चुलीपाशी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "मी जाईन," ती म्हणाली. "तिच्या हातचं खाईन, पानी पिईन. देवानं विचारलं त मी सांगीन त्याले."

"तुले रीत कळत नाई काऊन?"

"कळते जी. पन रीतीचं पोट दुखत नाई, पोरीचं दुखते."

मी उठून अंगणात गेलो. आजा येडा नव्हता. जे माझ्या बापाने पाळलं, आज्याने पाळलं, ते विमानात बसायचं म्हणून सोडायचं असेल तर मग आपल्याजवळ राहिलं काय? तेव्हाही मला असंच वाटत होतं, आजही वाटते.

व्हिसा दोघांचाही आला. तो आला की मुदत आधी बघून घ्या. आजारपणाचा विमा इथूनच काढा, तिकडचे डॉक्टर फार महाग. म्हाताऱ्या माणसाने तिकीट काढतानाच चाकाची खुर्ची मागून ठेवावी. चालता येत असलं तरी मागावी. खुर्ची ढकलणारा माणूस थेट विमानापर्यंत नेऊन सोडते, वाट चुकत नाही. माझी बायको नागपूरच्या पलीकडे कधी गेली नव्हती. ती त्या खुर्चीच्या भरवशावर गेली.

नागपूरला तिला सोडायला मी गेलो होतो. दारावरच्या शिपायाने तिकीट बघितलं. तिने पिशवीतली पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली. "तिथी पानी आहे," एवढंच म्हणाली. मला वाटलं होतं रडेल. ती मागे न बघता खुर्चीत बसून गेली. येताना बसमध्ये ती बाटली माझ्या मांडीवर होती. आमच्याच विहिरीचं पाणी होतं, पण मी झाकण उघडलं नाही.

तिकडे आपल्या दुपारी संध्याकाळ होऊन जाते, हे लक्षात ठेवून फोन करावा. मी दुपारीच करतो. बायको उचलते. लेक कशी आहे विचारलं तर न्हाणीत आहे म्हणते, बाजारात गेली म्हणते. एकदा म्हणाली, "झोपली आहे. दिवसभर झोपूनच राह्यते आता." लेक स्वतः फोनवर येत नाही. बायकोने यायची तारीख पुढे ढकलली आहे. माझ्या व्हिसाची मुदत अजून बाकी आहे. ते मला कोणी सांगायची गरज नाही.

परवा फोन लेकीने उचलला. चुकून उचलला असेल. आवाज बारीक झाला आहे तिचा.

"जेवले का बाबा?"

मी चूल पेटवली नव्हती. "जेवलो," म्हटलं.

"कोनाच्या घरचं?"

"आपल्याच घरचं."

"बरं आहे," ती म्हणाली आणि फोन तसाच कुठेतरी ठेवून गेली, बंद न करता. मी कानाला लावून बसलो. तिकडे ताटं मांडायचा आवाज येत होता. मग कोणीतरी तांब्यातून पाणी ओतलं, ते भरत आलेलं भांडंही मला ऐकू आलं.