चुंबकाचा मान

आमच्या अकोल्याच्या मंडळींसारखी वेडी माणसं अख्ख्या वऱ्हाडात सापडायची नाहीत, हे आधीच सांगून टाकते. जठारपेठेतल्या एका रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात त्यांचा अड्डा. दुकानाचे मालक ते आमचे काका. नात्याचे नव्हेत. मी शाळेत असताना बाबांचा बिघडलेला टेप घेऊन गेले आणि त्यांनी टेप उघडायच्या आधी मला गच्चीवर नेऊन दुर्बिणीतून शनीची कडी दाखवली, तेव्हापासूनचे काका. बाकी मंडळीत एक निवृत्त तलाठी, एक दातांचे डॉक्टर, एक साड्यांचे दुकानदार आणि शिवणक्लास चालवणाऱ्या एक काकू. नवा धूमकेतू सापडल्याची बातमी आली, की ही सगळी लग्नघर असल्यासारखी धावपळ करणार. ढग आले तर ढगांना शिव्या देणार.

आणि दगड! आभाळातून पडला म्हणून लोक काय काय आणून द्यायचे. भट्टीतली मळी, काळा खडक, एकदा तर जात्याचा तुकडा. दगड आला की एक रीतच ठरलेली होती. आकाशातल्या दगडात बहुतेक वेळा लोखंड असतं, म्हणून चुंबक दोऱ्याला बांधून त्याच्याजवळ न्यायचं. पहिला मान दगड आणणाऱ्याचा, मग वयानं मोठ्यांचा, मग बाकीच्यांचा. लहानपणी मलाही मान मिळायचा. चुंबक कधी मुळीच हलायचं नाही. कधी हललं, तर दुसऱ्याच कशावरून तरी दगड खोटा निघायचा. मग काका म्हणायचे, "असू दे बाप्पा, खराही येईन कधीतरी." आणि सगळ्यांना चहा.

पुढे मी अमरावतीला विद्यापीठात पीएचडीला लागले. विषय उल्कापाषाणांचं चुंबकत्व. दगड जन्मताना त्याच्यातल्या लोखंडाच्या कणांवर आजूबाजूच्या चुंबकत्वाचा ठसा बसतो आणि अब्जावधी वर्षं तसाच राहतो. तो वाचता आला तर सूर्यमालेच्या लहानपणाची गोष्ट कळते. अडचण एकच. संग्रहातल्या बहुतेक दगडांना कुणी ना कुणी चुंबक लावून बसलेलं असतं, आणि ताकदीचं चुंबक टेकलं की जुना ठसा गेलाच. आमच्या मॅडम म्हणायच्या, "नुकताच पडलेला, कुणी हात न लावलेला दगड मिळाला तर तुझं काम होईल. नाहीतर विषय बदल." वर्षं चालली होती आणि दगड काही पडत नव्हता.

काका मात्र दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमची पोरगी चुंबकाची पीएचडी करून राहिली."

मग ती संध्याकाळ आली. नवा धूमकेतू पाहायला मंडळी दिवेलागणीला गच्चीवर जमली होती. सगळ्यांची तोंडं पश्चिमेला, आणि उत्तरेकडून हिरवट उजेडाचा गोळा सरकन गेला. दातांच्या डॉक्टरांनी म्हणे हातातली दुर्बीणच सोडली. सकाळी फोन आला तो थेट अंजनगाव सुर्जीहून. तिथले एक पानमळेवाले चाचा मंडळींच्या जुन्या ओळखीचे. त्यांच्या मळ्यात वेलांचं छप्पर फाडून लिंबाएवढा काळा दगड पडला होता, आणि एक तुकडा उडून बांधावर.

"घेऊन येऊन राहिलो," चाचा म्हणाले. मला ही बातमी काकूंनी फोनवर दिली. खोटं नाही सांगत, मी वसतिगृहाच्या जिन्यात उड्या मारल्या. मॅडमना फोन केला. दगड रीतसर सरकारी भूगर्भ खात्याकडे जमा करायचा आणि अभ्यासाला कणभर तुकडा मागायचा, असं ठरलं. बस पकडली आणि बडनेरा यायच्या आत मंडळींच्या ग्रुपवर लिहिलं: "दगड कागदात गुंडाळून ठेवा. चुंबक अजिबात लावू नका. मी येते आहे."

माझ्या संदेशावर कुणीतरी फुलांचा गुच्छ टाकला. त्याच्यावर अभिनंदन, त्याच्यावर टाळ्या, त्याच्यावर तलाठीकाकांची स्वरचित कविता. माझं वाक्य कुठल्या कुठे गेलं. फोन लावला तर काका उचलेनात. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा मी मनातल्या मनात सगळ्या देवांना कामाला लावलं होतं.

दुकानात शिरले तर मांडव घातल्यासारखी गर्दी. पेढे वाटून झालेले. टेबलावर स्टीलची ताटली, ताटलीत दगड, दगडाला हळदीकुंकू. आणि त्याच्यावर, घट्ट चिकटून बसलेलं, संगणकाच्या जुन्या हार्ड डिस्कमधून काढलेलं चकाकतं चुंबक.

मी बघतच राहिले. 

"ये ये!" काका ओरडले. "सगळ्याइचा मान झाला. पन आपल्या दुकानातलं सगळ्यात जोरदार चुंबक तुह्यासाठी ठेवलं. सकाळपासून लावूनच ठेवलं, तू आली की पाह्यशीन म्हून. कसं धरून बसलं पाह्य!"

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "लिहिलं होतं ना मी, लावू नका म्हणून? वाचता येत नाही का कुणाला?"

काकूंच्या हातात पेढा तसाच.

"अवं पन झालं काय?" तलाठीकाका म्हणाले. "चिकटलं ना! खराच हाय ना!"

"चिकटलं म्हणूनच तर वाटोळं झालं!" मी रडत होते की ओरडत होते, मला ठाऊक नाही. "काका, कॅसेट. भरलेल्या कॅसेटवर चुंबक ठेवलं तर काय होतं?"

आयुष्यभर टेप दुरुस्त केलेला माणूस. त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरताना मी पाहिला. त्यांनी चुंबक ओढून काढायला हात नेला आणि अर्ध्यातूनच मागे घेतला.

"बापा," ते एवढंच म्हणाले आणि स्टुलावर बसले.

तेवढ्यात चाचांना दुसरा तुकडा आठवला. तो घरीच होता. माझ्या जिवात जीव आला. चाचांनी घरी फोन लावला आणि आवाज मोठा केला. "वो छोटा पत्थर है ना? उसको कुछ मत लगाना, सुनो!"

पलीकडून चाचीचा हसरा आवाज आला, "लगा दिया ना जी! टीवीवाले भाईसाब का मैसेज आया था, चुंबक लगाके देखो बोलके. मोहल्ले में सबने लगाया. क्या चिपकता है, माशाल्ला!"

काकांनी सकाळी आवाजी संदेश पाठवला होता. अंजनगावात, आजूबाजूच्या गावांत, जिथे जिथे तो फिरला तिथे तिथे. कुणाला काळा दगड सापडला तर आधी चुंबक लावून पाहा, म्हणून. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात. इथं तर आम्ही बैल हाकलून गोठाही पेटवला होता. मी कुणाशी न बोलता बाहेर आले आणि आल्या पावली अमरावतीला परतले. बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, घरी कुणी गेलं का. मी हो म्हटलं.

तरीही मॅडमनी कणभर तुकडा मिळवला आणि त्याचं चुंबकत्व मोजून घेतलं. "आत खोल काही उरलं असेल," त्या म्हणाल्या. काही उरलं नव्हतं. जुन्या ठशाची बारीक, वेडीवाकडी रेघ दिसायला हवी होती. पडद्यावर आली ती एकच ठळक सरळ रेघ, हार्ड डिस्कच्या चुंबकाची. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि नव्या विषयाचं बोलायला लागल्या. मला त्यातलं काही ऐकू आलं नाही.

त्याच दुपारी काकांचा फोन आला. त्या दिवसानंतरचा पहिलाच. मी उचलला तो भांडायलाच.

"काय निघालं?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक.

"तुमचं चुंबक निघालं, काका. दुसरं काही नाही. माझा विषय गेला."

स्टूल ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं, ठेवला फोन.

"माफी कोन्त्या तोंडानं मागू, मले समजत नाई," ते म्हणाले. "एक विचारू? रागावू नको. दगड… दगड तर खरा होता ना? वरचाच होता ना?"

माझं डोकं भणाणलं. इकडे माझं घर जळालं आणि हा माणूस विचारतो, उजेड छान पडला का! तोंडावर फोन आपटावा असं वाटलं. पण आपटला नाही. तोंडून निघून गेलं, "हो. खरा होता."

पलीकडे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग काकांचा आवाज, दुसऱ्या कुणाला तरी, "खरा निघाला! खरा निघाला रे!" आणि टाळ्या. काकू रडत होत्या, ते ऐकू आलं.

मी फोन कानाला लावून प्रयोगशाळेच्या दारात उभी होते. टाळ्या थांबेपर्यंत मला फोन ठेवता आला नाही.