खंडेनवमीला उघडलेला चेंबर

खंडेनवमी आली की आमच्या नगरात एमआयडीसीतल्या लेथला, दारातल्या टेम्पोला, ट्रॅक्टरला झेंडूचा हार पडतो. माझी काही हरकत नाही. लॅबमधल्या माझ्या मशीनलाही बाहेरून हार घाला, हळदकुंकू लावा, पुढ्यात नारळ फोडा. आत हात घालू नका, एवढंच माझं म्हणणं होतं.

आत होता नखाएवढा एक स्फटिक. तीन धातूंच्या मिश्रणाचा, परदेशातल्या एका प्रयोगशाळेनं दिवाळीपर्यंत वापरायला दिलेला. त्यातले अणू शिस्तीत बसलेले असतात, पण तीच नक्षी फिरून कधी येत नाही. पोलादी चेंबरमधली हवा काढून, स्फटिक पुन्हा पुन्हा तापवून तो नीट साफ करायलाच मला दीड महिना लागला. मग त्यावर शिशाचे अणू थराथरानं चढवायचे. पहिला थर खालच्या नक्षीप्रमाणे मुकाट बसला. दुसरा तसाच बसतो की आपली वाट धरतो, तेवढं बघितलं की माझ्या पीएचडीचं शेवटचं प्रकरण पुरं होणार होतं.

त्या दिवशी माझे गाईड सर पाहुण्यांना घेऊन आले. "अगं, उघड ते. नुसत्या डब्याला काय कुंकू लावायचं? आतल्या वस्तूला लावू."

"सर, हवा आत गेली की सगळं वाया जाईल."

"आमची पोरगी लई घाबरट," सर पाहुण्यांकडे बघून हसले.

आणि मी, मूर्ख बाई, व्हॉल्व्ह फिरवला! सरांना नाही म्हणायची रीतच नाही ना आमच्याकडे. सरांनी स्फटिक उघड्या बोटांत धरला, कुंकू टेकवलं, फोटो झाला. मग माझं तोंड बघून खिशातल्या रुमालानं खसाखसा पुसला. आरशासारख्या पृष्ठभागावर ओरखडेच ओरखडे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

स्फटिक परत पाठवला तेव्हा तिकडून विचारणा आली, चेंबर कोणी उघडला? सर म्हणाले, "मामांचं नाव टाक." मामा म्हणजे आमचे लॅब अटेंडंट. त्यांनी फक्त नारळ फोडला होता. आणि मामा तरी कसले! "टाका की ताई. दोन म्हयन्यांनी मी रिटायर व्हनार हाय. तुमचं समदं फुडं हाय." मी त्यांच्यावरच खेकसले, "गप्प बसा हो मामा!" ज्याच्यावर खेकसायचं तो केबिनमध्ये चहा पीत होता.

मी पत्रात लिहिलं, 'चेंबर मी उघडला, सरांच्या सांगण्यावरून.'

सरांनी वाचलं. "शेवटचे दोन शब्द काढ. थीसिसवर सही माझीच लागते."

सही मिळाली. थीसिस एका थरावरच संपला. मामांचं नाव घातलं नाही हे मी लोकांना छाती पुढं काढून सांगते. ते दोन शब्द मी खोडले, हे आज पहिल्यांदा सांगतेय.