सोळा सांध्यांचा पाइप

एम.एस्सी.ची दोन वर्षं मी पुण्यात कम्प्युटर शिकत होते. मुरुडात हे सांगितलं की लोक कौतुकानं मान डोलवायचे आणि मी ओशाळायचे. खरा कम्प्युटर आठवड्यातून तासभर वाट्याला यायचा. बाकी वेळ कागदावर प्रोग्राम लिहायचा आणि तो का चालत नाही ते शोधत बसायचं. परीक्षा झाली, पहिला वर्गही मिळाला, पण आता आपल्याला नक्की काय येतं, ते मला सांगता येईना.

घरी पोचले तर बाबा वैतागलेले. आगरातल्या शेवटच्या पोफळींना पाणी पोचत नव्हतं. बाबांचं आयुष्य बोटीवर इंजिनखात्यात गेलेलं. पंप त्यांनी दोनदा खोलून पाहिला होता, तो ठीक होता. म्हणजे जमिनीखालच्या पाइपात काहीतरी अडकलं होतं. विहिरीपासून एकेक सांधा उकरायला ते निघाले होते.

"सांधे किती आहेत?" मी विचारलं.

"सोळा."

"मग आधी आठवा उकरा."

"मधनंच? सुरुवात विहिरीकडनं करतात गो."

"तिथं पाणी जोरात आलं, तर अलीकडचं काही बघायलाच नको."

बाबा कुदळ घेऊन आठव्या सांध्याकडे वळले. मी जरा दचकले, कारण इतक्या ठामपणे मी कॉलेजात कधी बोलले नव्हते. 

आठवा सांधा सोडवला, आईनं पंप लावला, पाणी उसळलं. मग बारावा सोडवला. तिथं नुसती बारीक धार. दहावा, पुन्हा जोरात. चौथा खड्डा अकराव्याचा. ढिल्या सांध्यातून माडाची मुळं आत शिरून त्यांचा बोळा झाला होता.

"हे शिकवतात होय तिथं?" बाबांनी हात पुसत विचारलं.

"हो... म्हणजे, पाइपाचं नाही."

"मग कशाचं?"

मी क्रमानं लावलेल्या यादीतलं नाव मधनंच शोधण्याबद्दल काहीतरी बोलू लागले आणि मध्येच अडखळले. प्रोग्रामातल्या चुका मीही अशाच शोधायचे, पण ते कुठल्या तासाला शिकले, आठवेना. कदाचित कोणी शिकवलंच नसेल.

दुसऱ्या दिवशी एसटीच्या थांब्यावर बाबा शेजारच्या काकांना अभिमानानं सांगत होते, "आमची पोरगी पायपांचं शिकून आलेय."

चूक दुरुस्त करायला मी तोंड उघडलं. पण त्याऐवजी काय सांगायचं, ते सुचेना. काकांनी लगेच विचारलं, "आमच्याकडे कधी येतेस?"

"उद्या येते," मी म्हटलं.