कुरकूर न करणाऱ्यांच्या रजा

धनंजय ब्रदरचा राग यायला तानाजी साळवेला आठ महिने लागले, एवढा तो भला माणूस. दुसरा कुणी असता तर दुसऱ्याच शुक्रवारी उठून गेला असता.

दोघंही नगर जिल्ह्यातले, दोघंही ख्रिस्ती, आणि मस्कतला एकाच मेंटेनन्स कंपनीत. तानाजी प्लंबर. धनंजय मत्रहच्या ऑफिसात टाइमकीपर. हजेरी आणि रजेचे अर्ज त्याच्या टेबलावरून मालकाकडं, म्हणजे अर्बाबकडं जायचे. शुक्रवारी हाच धनंजय दार्सैतच्या आपल्या फ्लॅटमध्ये उपासना घ्यायचा. कधीतरी टपालानं पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा कोर्स केला होता, त्यात चार आण्याची ग्रीक होती, आणि तेवढ्यावर तो रुपयाचा तोरा मिरवायचा. जेवताना मीठ मागितलं तरी मिठाला मूळ भाषेत काय म्हणतात हे सांगितल्याशिवाय वाटी पुढं सरकत नसे.

अर्बाबपुढं त्याची एकच फुशारकी असे, की आपल्या माणसांची ना तक्रार येते, ना रजेची कटकट. ती येत नव्हती हे खरं. का येत नव्हती, हे अर्बाबनं कधी विचारलं नाही.

तानाजीची मुलगी पूर्वा, तिचं लग्न २०१४च्या मे महिन्यात ठरलं होतं. पहिलीच मुलगी, आणि बापानं तिला वर्षातून एकदा पाहत वाढवलेली. त्यानं सप्टेंबरातच रजेचा अर्ज धनंजयच्या हातात दिला. धनंजयनं डोळे मिटले आणि म्हणाला, "हे आपण प्रभूपुढं ठेवू."

त्या शुक्रवारपासून प्रार्थनेच्या विषयांत तानाजीची रजा आली. पंधरा माणसं दर आठवड्याला गुडघे टेकून मागायची, की अर्बाबचं मन वळू दे. पुढारी धनंजय, आणि आमेन सगळ्यांत मोठ्यानं त्याचंच. अर्ज कुठवर पोचला हे विचारणं तानाजीला अविश्वास वाटे. देवाकडं मागितलेल्या गोष्टीची टाइमकीपरकडं काय चौकशी करायची, असा त्याचा भाबडा हिशेब.

एप्रिल उजाडला तेव्हा मात्र त्यानं भीतभीत विचारलं. धनंजय नुसता हसला आणि पुढच्या शुक्रवारी त्यानं वचनाचा विषयच काढला, गोंगुझो.

"ग्रीक क्रियापद आहे. अर्थ, कुरकूर करणं. शब्द आवाजावरून आलाय, आपल्या कुरकुरीसारखाच. पारव्याच्या घुमण्यालासुद्धा हाच लावायचे म्हणतात. उघड भांडण नव्हे, तोंडातल्या तोंडात पुटपुटणं. मिसरच्या गुलामीतून देवानं सोडवलेल्या लोकांनी रानात पाण्यासाठी, भाकरीसाठी हेच केलं, आणि रानातच मेले. आपल्यातही काहींना रजेची घाई झालीय."

सगळ्यांनी तानाजीकडं पाहिलं. त्याचे कान तापले.

मग धनंजयनं कंपनीच्या कागदावर कंपनीच्याच मशीनवर काढलेल्या झेरॉक्स वाटल्या. हे क्रियापद आणि त्याचं नाम नव्या करारात जिथं जिथं येतं त्या बारा जागा. एकेकानं एकेक जागा काढून वाचायची. पेंटर जितेशला द्राक्षमळ्यातले मजूर आले. तानाजीला आल्या विधवा, ज्यांना रोजच्या अन्नवाटपात डावललं जात होतं म्हणून त्यांच्या माणसांनी कुरकूर केली. एक ओळ वाचून थांबायचं होतं, पण तानाजी अक्षरं लावत लावत वाचणारा. तो लागला की थांबत नसे. पुढच्या पाच-सहा ओळीही त्यानं वाचून टाकल्या.

"ब्रदर, हितं बी त्योच शब्द हाय?"

"त्याचं नाम आहे."

"मग हितं कुणी मेलं न्हाई. बारा शिष्यांनी ऐकून घेतलं. वाढायला सात माणसं नेमली."

"तो संदर्भ वेगळा," धनंजय म्हणाला. ग्रीक संपली की तो संदर्भावर यायचा.

"माझा अर्ज अर्बाबकडं कधी गेला?"

"तानाजी, आपण उपासनेत आहोत."

एवढ्यावर तानाजीला सगळं उमगलं. आठ महिने ज्याच्यासोबत गुडघे टेकले तो माणूस आपल्याच टेबलात अडवून ठेवलेल्या अर्जासाठी देवाला साकडं घालत होता. इतकी किळस त्याला तुंबलेल्या गटारात हात घालतानाही आली नव्हती.

रविवारी तो एकटाच मत्रहच्या ऑफिसात गेला आणि सरळ अर्बाबसमोर उभा राहिला. अर्बाबनं धनंजयला हाक मारली. धनंजयनं ड्रॉवर उघडला, कागदांच्या चळतीतून तानाजीचा अर्ज उपसला. दोन मिनिटांत सही झाली. "तुम पहले क्यों नहीं बोला?" अर्बाब म्हणाला, "यल्ला, जाओ. खलास, हो गया."

माणसाला लाज असती तर पुढचा शुक्रवार धनंजयनं आजारपणात काढला असता. तो उलट पांढरा सदरा घालून उभा राहिला. "तानाजीभाऊंच्या रजेची प्रार्थना प्रभूनं ऐकली. भाऊ, साक्ष द्या."

तानाजी उठला. "प्रार्थना देवानं ऐकली आसंल. अर्ज ब्रदरच्या ड्रॉवरमधी व्हता. मी जाऊन कुरकूर केली, तवा निघाला. अजून लई हायेत तिथं."

धनंजयनं घाईघाईनं गाणं धरलं. 

जितेशनं जागेवरूनच ते मधे तोडलं. त्याचा बाप जानेवारीत जालन्याच्या सरकारी दवाखान्यात वारला होता, आणि त्याला बघायला जितेशनं मागितलेल्या रजेसाठी सगळ्यांनी पाच शुक्रवार प्रार्थना केली होती.

"ब्रदर," त्यानं विचारलं, "माझाबी तिथंच हाय का?"