मापाड्याचं वजन

सेलूच्या मोंढ्यात आमची ज्वारी तोलणाऱ्या मापाड्यानं दूध, गहू आणि साखर सोडली होती. पोट उतरवायचं होतं. कोरा चहा बशीत ओतून तो काढा घ्यावा तसा प्यायचा. कुणी पेढा पुढं केला की, "इख हाय ते, इख!" म्हणून हात मागं घ्यायचा. दर सोमवारी भर बाजार सोडून तो स्टेशनावरच्या वजनाच्या यंत्रावर उभा राहायचा आणि तिथलं तिकीट आणून आम्हाला दाखवायचा. "बघा, आणिक अर्धा किलो गेलं!"

एकदा माझं पोतं तोलून झाल्यावर तो असाच तिकीट नाचवत होता. घरी मी मोजून भरलेलं ते पोतं इथं दोन किलोनं कमी भरलं होतं. मागं उभा असलेला बोरीचा एक म्हातारा म्हणाला, "मामा, ठेसनावर कशाला जायलाव? ह्याच काट्यावर उभं ऱ्हावा की. दूधसाखर खाऊनबी दोन किलो कमीच भरताल."

सगळे खो-खो हसले. मापाड्यानं तिकिटाची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि पुढचं पोतं मागवलं. ते म्हाताऱ्याचं होतं.

तीन किलोनं कमी भरलं.